केळ्याचा वास

हे अजून कुणाच्याही कानावर गेलेलं नाही. आईच्या नाही, डायरीच्याही नाही — डायरीवर माझा विश्वास का उरला नाही, ते पुढे येईलच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सांगायला जमतंय.

आम्ही पोंभुर्ण्याचे. दादा गावातल्या शाळेत शिकला, मला बाबांनी चंद्रपूरच्या इंग्रजी शाळेत घातलं. त्यामुळे घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्यापुढे यायचा. मराठी मात्र कच्ची. बोलताना चुकायचे — म्हणून बोलायचेच नाही.

तीन वर्षांपूर्वी मी एका मुलाला चिठ्ठी लिहिली. मराठीत, कारण त्याला मराठी आवडायची. द्यायच्या आधीच ती डायरीतून दादाच्या हाती लागली. अंगणात त्याचे मित्र बसले होते. त्याने माझ्यासारखी मान खाली घालून, माझ्या आवाजात वाचून दाखवली. ‘मला तुझी आठवण येतो.’ तो मुलगाही तिथेच होता. तोही हसला.

“अवं मॅडम, आठवण येते का येतो?” दादा पुढे कित्येक महिने जेवताना विचारायचा. आईसुद्धा हसायची. मी जेवत राहायचे. असला राग किती दिवस टिकतो? माझा टिकला.

दादा ताडोब्यात पर्यटकांची जिप्सी चालवतो. तिथे त्याला नागपूरचे एक साहेब भेटले, बिअर बनवणारं हॉटेल काढणारे. त्यांनी गव्हाच्या बिअरचं इंग्रजी पुस्तक दिलं, यीस्टची पुडी दिली आणि म्हणाले, घरी करून आण, जमली तर कामाला घेतो. दादाला जंगलातल्या धुळीतून सुटायचं होतं. दोन महिने मी ते पुस्तक त्याला मराठीत सांगत होते. गव्हाला मोड किती, पाणी किती गरम — सगळं माझ्या तोंडून.

बाटल्या भरल्यावर पंधरा दिवस थांबायचं होतं. सहाव्या दिवशी दुपारी त्याने एक उघडलीच. गढूळ, पिवळसर, वर दाट फेस. त्याने हुंगली आणि त्याचा चेहरा उतरला.

“केळाचा वास काऊन येऊन राह्यला? आपण तं केळ टाकलंच नाई.”

मी घोट घेतला. पिकलेलं केळ, मागून लवंग. माझ्या आयुष्यातला पहिला घोट — पण ते पान मी वाचलेलं होतं. गव्हाची बिअर अशीच लागायला हवी. त्याला ते सांगायचं राहून गेलं होतं. खरंच राहून गेलं होतं. मुद्दाम केलं ते यानंतर.

“पाह्य बरं, पुस्तकात काय लिहिलं हाये.”

मी पान काढलं. बरोबर त्या ओळीवर बोट ठेवलं. तो माझ्या बोटाकडे बघत होता. आणि मी, एकदाही न अडखळता, वाचल्यासारखं म्हटलं — केळ्याचा वास आला, तर बिअर बिघडली असं समजावं.

व्याकरणाची एकही चूक नव्हती.

फोनने त्या ओळीचा फोटो काढला असता, तर अर्थ मराठीत समोर आला असता. त्याच्या मनातही आलं नाही. आमच्या घरात इंग्रजी म्हणजे मी.

त्याने साहेबांना फोन लावला. “नाई जमली, साहेब.” मग मुनग्याच्या झाडाखाली एकेक बाटली ओतत गेला. शेवटी मला म्हणाला, “बरं झालं तू होती. साहेबाच्या समोर इज्जत गेली असती माही.” तेव्हा मला लाज वाटायला हवी होती, नाही का? मला पोटात गार वाटलं. मेजवानी झाल्यासारखं.

तो ओतत असताना मी एक बाटली कपाटात ओढण्यांखाली लपवली होती. पंधराव्या दिवशी, घरी कुणी नसताना, ती प्यायले. सुरेख झाली होती. माझ्या भावाच्या हाताला चव आहे, हे फक्त मला माहीत आहे. त्याला नाही.

तो अजून जिप्सीच चालवतो. ‘आठवण येतो’ तर कधीच विसरलाय. गेल्या आठवड्यात लाल धुळीने माखून घरी आला, हातात केळी. “घे मॅडम, मस्त पिकली हाये.” एक सोलून माझ्यापुढे धरलं.

मी खाल्लं. मग दुसरंही मागून घेतलं.