दोघांचा वेग

शाळेत त्यांना सगळे 'कधी भेटतील बाई' म्हणायचे, अर्थात पाठीमागे. नववी-दहावीला बीजगणित शिकवता शिकवता बाईंची सत्तावीस वर्षं गेली होती. वेग, वेळ, अंतराचा धडा आला की त्यांचं जवळपास प्रत्येक उदाहरण एकाच प्रश्नावर येऊन थांबायचं: दोन गाड्या समोरासमोरून निघाल्या, तर कधी भेटतील? फळ्यावर तीन रकाने आखायचे आणि जे माहीत नाही त्याला क्ष म्हणायचं. "आधी दोघांचं मांडा," त्या बजावायच्या. "एकाचंच मांडून बसाल तर गणित तुम्हाला गंडवेल." पोरं गालातल्या गालात हसायची, पण त्यांच्या हाताखालून गेलेलं पोर या धड्यात सहसा चुकत नसे.

लग्नाचं राहून गेलं ते राहूनच गेलं. नर्सच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या थोरल्या बहिणीबरोबर त्या दोन खोल्यांत राहायच्या. ताईचा रक्तदाब, वह्यांचे गठ्ठे आणि गुडघेदुखी यांतच त्यांचा दिवस मावळायचा.

त्या वर्षी दहावीत एका शिंप्याची मुलगी होती. फार हुशार नव्हे, पण हट्टी. उत्तर जुळल्याशिवाय वही मिटायची नाही. सहामाहीनंतर तिचा थोरला भाऊ मोटरसायकलवरून जाताना समोरून आलेल्या बसवर आदळला आणि जागीच गेला. बावीस वर्षांचा होता. बसच्या ड्रायव्हरला पोलिसांनी त्याच दिवशी आत घेतलं.

मुलगी तीन आठवड्यांनी शाळेत आली. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी उभी राहून म्हणाली, "बाई, एक गणित तपासून द्याल?"

कागदावर सुबक अक्षरात मांडलं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात दोन्ही गाड्या दिसतात तेव्हा त्यांच्यात सत्तर मीटर अंतर. दोन सेकंदांनी धडक. सत्तर भागिले दोन, सेकंदाला पस्तीस मीटर, म्हणजे ताशी एकशे सव्वीस किलोमीटर. खाली दोन रेघा ओढून लिहिलं होतं: बसचा वेग.

"बरोबर असेल तर खाली सही करा," मुलगी म्हणाली. "बाबा पोलिसांना देणार आहेत. गणिताच्या बाईंची सही असली की मानतील, म्हणाले."

बाईंच्या हातात लाल पेन होतं. सवयीनं त्यांनी, चूक दिसली की करायच्या तसा, पस्तीसभोवती गोल केला, आणि आपण कशावर गोल केला हे मग त्यांच्या ध्यानात आलं. मुलगी त्या गोलाकडे बघत राहिली.

"दोन-तीन दिवस दे मला," बाई म्हणाल्या. "आणि ते कॅमेऱ्यातलं पाठव."

रविवारी सकाळी खेळाच्या शिक्षकांकडून टेप मागून घेऊन त्या रस्त्यावर गेल्या. कुठल्याही दोन दिव्यांच्या खांबांमध्ये बरोबर तीस मीटर भरले. गटाराच्या कडेला अजून काचेचा चुरा पडला होता. घरी येऊन त्या मोबाइल घेऊन बसल्या. पहिल्या वेळी शेवट बघवलाच नाही. पुढे पुढे, कुठे थांबवायचं ते बोटालाच कळू लागलं. मग चित्र इंचाइंचानं पुढे सरकवत त्यांनी वेळ मोजली. आपल्या बाजूच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत बसला तीन सेकंद लागले. पलीकडून येणाऱ्या मोटरसायकलला तेवढ्याच अंतराला जेमतेम सव्वा, नीट मोजलं तर एक पूर्णांक दोन दशांश. सेकंदाला दहा मीटर आणि पंचवीस मीटर, दोघांचे मिळून तेच पस्तीस. बस ताशी छत्तीसनं येत होती, पोरगा नव्वदनं.

"नको सांगूस," ताई म्हणाली. "त्यांचं पोर गेलंय. तपासायला वेळ झाला नाही म्हण."

"आणि तो ड्रायव्हर?"

ताईनं गोळ्यांची डबी उघडली, मिटली.

सोमवारी शाळा सुटल्यावर बाईंनी मुलीला वर्गात थांबवून घेतलं. दुसरं काही सुचेना, म्हणून खडू उचलला आणि रकाने आखले. बसपुढे दहा लिहिलं. मोटरसायकलपुढे त्यांचा हात अडला.

"पंचवीस," मुलगी बाकावरून म्हणाली.

बाई वळल्या.

"मी आधी तसंच मांडलं होतं, बाई. बाबांनी तो कागद फाडला. म्हणाले, बसचं तेवढं लिही."

"तू का लिहिलंस मग?"

"आई रोज विचारते, तो हळूच चालवत होता ना गं."

बाईंनी सही न करताच तिचा कागद परत दिला. शिंप्यानं तो कागद तसाच, लाल गोलासकट, पोलिसांना नेऊन दिला. ते कानावर आल्यावर बाई एक दिवस थांबल्या, आणि दुसऱ्या दिवशी आपलं मोजमाप घेऊन पोलीस ठाण्यात गेल्या. हवालदारानं दोन्ही कागद एकाच फायलीत लावले.

शिंपी शाळेत आला तो भांडायला नव्हे. मुलीचा दाखला काढायला आला होता. व्हरांड्यात बाई समोर आल्या तेव्हा खालच्या आवाजात म्हणाला, "तुमच्या एका सहीनं तुमचं काय जाणार होतं?"

"तो माणूस आत आहे हो," बाई म्हणाल्या.

"माझा तर कुठेच नाही."



ड्रायव्हर चार महिन्यांनी सुटला. पुन्हा गाडीवर बसला नाही.  बाईंचं नाव त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. मुलगी दुसऱ्या शाळेतून परीक्षेला बसली, गणितात काठावर पास झाली आणि बापाच्या दुकानात मशीनवर बसू लागली.

पोलीस ठाण्यात गेल्याचा बाईंना कधी पश्चात्ताप झाला नाही. सलत राहिलं ते वेगळंच. "तिला शेजारी बसवून सांगायला हवं होतं गं," त्या ताईला म्हणायच्या. "मी आपली फळ्यावर गेले."

एकदा बाई त्या दुकानावरून जात असताना मुलीनं काचेतून त्यांना पाहिलं. ती मशीनवरून अर्धवट उठली. आतून बापाची हाक आली, तशी ती पुन्हा खाली बसली आणि कापड सुईखाली सरकवू लागली. बाई पुढे चालू लागल्या.