लातुरात रिकामी सायकल

समस्त नांदेडकर, समस्त लातूरकर आणि या दोहोंच्या मध्ये लोह्याच्या स्टँडवर भज्यांची वाट पाहत उभी असलेली जनता, या सर्वांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, पन्नाशी ओलांडलेला एक गृहस्थ पूर्ण शुद्धीत, कुणाचाही दबाव नसताना, रोज सायकलीवर कामाला जातो. तो गृहस्थ मीच. कृपया कुणी घाबरू नये. प्रकृती ठणठणीत आहे, मोटारसायकल विकलेली नाही आणि बायको माहेरी गेलेली नाही.

हे तीन खुलासे मी आधीच करून टाकतो, कारण रोज करावे लागतात. नांदेडला मी एका शाळेत भूगोल शिकवतो. घर गोदावरीच्या अलीकडे, शाळा पलीकडे. सकाळी पुलावर सायकली काही कमी नसतात. दुधाच्या किटल्या लटकवलेले गवळी असतात, दोन वेण्या घातलेल्या शाळेच्या मुली असतात, रात्रपाळी संपवून पेंगत घरी निघालेले वॉचमन असतात. एक म्हातारे सरदारजी तर पांढरी दाढी वाऱ्यावर सोडून असे झोकात जातात की नदीनं उठून सलाम करावा. त्यांना कुणी काही विचारत नाही. मला विचारतात.

"सर, गाडी कुठंय?"

"घरी."

"बिघडली का?"

"नाही."

मग विचारणारा जवळ येतो, आवाज खाली आणतो आणि हळहळून म्हणतो, "शुगर निघाली का?"

तर अशा सुखात दिवस चालले असताना, डिसेंबरातल्या एका संध्याकाळी लातूरहून धाकट्या बहिणीचा, सुनंदाचा फोन आला.

"दादा, तू शाळेत सायकलीवर पोचतोस ना रे?"

"पोचतो."

"कसा?"

"पायडल मारत."

"चेष्टा नको करू. नवी सायकल घेतली मी. महिना होत आला, पण एकदाही लॅबपर्यंत पोचता आलं नाही मला."

सुनंदा लातूरला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. तिच्या भागातल्या लहानथोरांचं रक्त तिच्या सुईतून गेलेलं आहे. तिचे यजमान मिलिंदराव शाळेत मास्तर. लग्न झाल्यापासून ते रोज सकाळी तिला गाडीवरून लॅबला सोडतात आणि मग शाळेत जातात. लहानपणी ती माझ्याच सायकलीच्या दांड्याखालून पाय घालून शिकली, गुडघे फोडून घेतले, पण स्वतःची सायकल काही तिला मिळाली नाही. ती आता तिनं स्वतःच्या पगारातून घेतली. आणि झालं काय, तर ती घराबाहेर पडली की कुणीतरी थांबवतं, हळहळतं आणि उचलून लॅबला नेऊन सोडतं.

"मिलिंद म्हणतात, रविवारपर्यंत एकदा तरी पोचून दाखव. नाहीतर सायकल मुखेडच्या पुतणीला देऊन टाकू, तिला शाळेला लागते." मग आवाज खाली आणून म्हणाली, "दादा, एकदा तरी मला माझी मी जायचंय रे."

मी रजेचा अर्ज टाकला.

नांदेडच्या स्टँडवर मी सायकलीसह हजर झालो. कंडक्टरनं माझ्याकडं आणि तिच्याकडं आळीपाळीनं बघितलं.

"हिला टपावर टाकायचीय," मी म्हणालो.

"मामा, टप राहिलाय कुठं आता? लई उशिरा आलाव तुम्ही. बसा जल्दी!"

सायकल ओळखीच्या चहावाल्याकडं ठेवली. त्यानं ती भिंतीला टेकवली, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि न सांगता बिनसाखरेचा चहा पुढं केला.

लोह्याला गरम भजी आणि तळलेली मिरची खाल्ली. पुढं रस्ता चढउतार करत निघाला. दोन्हीकडं काळी रानं, फुलानं पिवळी झालेली तूर, मधूनच हरभऱ्याची हिरवी पट्टी आणि सकाळचं धुकं अजून ओढ्यातून उठायला आळस करत होतं. मी खिडकीतून सायकली शोधत होतो. कडब्याच्या पेंढ्यांखाली एक अख्खा माणूस दडवून चाललेली सायकल दिसली. अहमदपूरजवळ शाळेच्या मुलींचा थवा दिसला, बसच्या हॉर्नला त्या अजिबात बधल्या नाहीत. मागं बायको, पुढं शेळीचं करडू बसवून चढावर उतरून ढकलत जाणारा एक गडी दिसला. मी हात केला. करडानं मान वर केली, गड्यानं केली नाही.

लातूरला पोचलो तेव्हा पडवीत सायकल उभी होती. आभाळी रंगाची, पुढं टोपली. हँडलवर दोन टॉवेल आणि मिलिंदरावांचा बनियन वाळत होता.

"बघा दादा, वाया गेली का?" मिलिंदराव म्हणाले. "किती कामाला येते!"

सुनंदानं बनियन काढला, पाणी नसताना पिळला आणि तारेवर टाकला. जेवायला ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्या-मसाल्यांच्या पिठाची झणझणीत आमटी) होतं. मी इतकं खाल्लं की दुसऱ्या दिवशीच्या मोहिमेवर त्याचा परिणाम होईल अशी शंका यायला लागली.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. मला वरच्या खोलीत राहणाऱ्या शिकवणीच्या मुलीची सायकल मिळाली. मिलिंदराव फाटकात मोटारसायकल चालू करून उभेच होते. "असू द्या," ते म्हणाले, "लागली तर."

कोपऱ्यावर मन्मथअप्पांचं किराणा दुकान. अप्पा कपाळाला भस्म लावून, दुकानापुढं पाणी मारत होते. सुनंदाला बघताच बादली खाली ठेवली.

"शरणार्थ, ताई! आज पण सायकल? सरांशी काही बोलाचाली झाली का?"

"नाही हो अप्पा. मला आवडतं म्हणून."

"आवडतं म्हणून," अप्पा माझ्याकडं वळून दुःखानं म्हणाले. "बघा. सांगत न्हाईत माणसं. मनात ठेवतात." आणि स्कूटरची किल्ली आणायला आत गेले. आम्ही तेवढ्यात सटकलो.

पुढं एका रिक्षावाल्यानं रिक्षा आडवी घातली. "ताई, बसा. पैसे न्हाई मागत." त्याच्या हातून सुटलो तर शाळेला निघालेल्या एका बाईंनी स्कूटी लावून विचारलं, "सुनंदाताई, शुगर का हो?"

"अहो, साऱ्या लातूरची शुगर मी काढते!" सुनंदा कडाडली. "मला असती तर मला कळलं नसतं?"

"कळलं तरी कुणी मान्य करत न्हाई," बाई मायेनं म्हणाल्या आणि मेथ्यांचं पाणी कसं प्यायचं ते सांगून गेल्या.

आणि मग आला टेम्पो. बाजारातून निघालेला, कोबीनं भरलेला. ड्रायव्हरनं उडी मारली, काही बोलायच्या आत आभाळी सायकल उचलून कोबीवर ठेवली.

"अहो भाऊ, कशाला!" सुनंदा ड्रायव्हरवर ओरडली.

"ताई, माझ्या मायीचं रक्त तुम्ही काढलं. सुई गेलेली कळली न्हाई तिला. तुम्ही पायडल मारत जाणार आन् मी रिकाम्या सीटनं जाऊ? काय तोंड दाखवू मायीला?"

या प्रश्नाला उत्तर आहे का? असल्यास मला कळवावं. आम्ही कोबीत बसून लॅबला पोचलो. संध्याकाळी मिलिंदराव फक्त एवढंच म्हणाले, "कोबी ताजा होता का, दादा?"

सुनंदा हसली नाही. तेव्हा मला खरी काळजी वाटायला लागली, कारण आमच्या घरात विनोदाला न हसणारं माणूस म्हणजे रडायच्या बेतात असलेलं माणूस.

मी तिला गंजगोलाईत घेऊन गेलो. ही लातूरची गोल बाजारपेठ, चहूबाजूंनी रस्ते येऊन मिळतात. एका कोपऱ्यावर आम्ही उसाचा रस घेऊन उभे राहिलो आणि बघत राहिलो. सायकली किती! पाठीला दप्तर अडकवून शिकवणीला पळणारी पोरं, चटया विकणारा, चाकू-कात्र्यांना धार लावणारा, कॅरिअरवर गॅसची टाकी बांधलेला, पावांची पेटी घेतलेला. एकालाही कुणी थांबवलं नाही. एकालाही कुणी विचारलं नाही की बाबा, तुझं घरी भांडण झालं का.

मी रसाचा ग्लास आपटला. "सुनंदे! ओझं!"

"काय?"

"यांच्या सायकलीवर ओझं आहे. ओझं असलं की माणूस कामाला निघालेला असतो. ओझं नसलं की तो संकटात असतो. आपल्याकडं रिकाम्या सायकलीवर मोठ्या माणसानं बसायचंच नसतं!"

घरी येऊन लगेच प्रयोग केला. गवळ्याकडून रिकामी किटली मागून घेतली, तिच्या कॅरिअरला बांधली. गल्लीच्या तोंडाशी पोचलो नाही तोच एक आजी पातेलं घेऊन आडव्या आल्या. "म्हशीचं हाय का गायीचं?" त्यांच्यामागं आणखी दोघी. सुनंदाला परत फिरावं लागलं. मागून आजींचा आवाज येत होता, "मास्तरीणबाईनं दूध चालू केलं आन् आपल्याला सांगितलं न्हाई!"

यावेळी मात्र ती हसली. हसताहसताच थांबली आणि म्हणाली, "दादा, डबा."

लॅबवाल्यांकडं एक डबा असतो. घरोघरी जाऊन रक्त घेतलं की त्यात बर्फ घालून नळ्या आणतात. पांढरा, झाकणावर लाल खूण. तिचा डबा घरीच होता, धुऊन ठेवलेला.

रविवारी लॅब सकाळीच उघडते, कारण उपाशीपोटी रक्त द्यायला लोक आलेले असतात. मिलिंदरावांना सुट्टी. तरी ते आंघोळ करून, भांग पाडून, बूट घालून फाटकात उभे. मला वाटलं, विजयाची तयारी.

सुनंदानं डबा कॅरिअरला दोरीनं करकचून बांधला, खूण मागच्याला दिसेल अशी. पदर खोचला आणि निघाली. मी मागं.

मन्मथअप्पांनी नेहमीसारखी बादली खाली ठेवली. हात वर केला. तोंड उघडलं. आणि नजर डब्यावर गेली.

तोंड तसंच मिटलं. मग अप्पा, वजन आणि वय दोन्ही विसरून, रस्त्याच्या मध्यावर धावत गेले आणि दोन्ही हात पसरून गरजले, "सरका रे, सरका! रक्त चाललंय! पेशंट खोळंबलाय!"

रिक्षा बाजूला झाली. एक बैल बाजूला झाला. कालच्या मेथीवाल्या बाई नळावरची घागर सोडून भिंतीला चिकटल्या. शिकवणीच्या पोरांचा घोळका दुभंगला आणि त्यातून सुनंदा घंटी वाजवत निघून गेली. माझी बहीण उभी राहून पायडल मारत होती! मला गाठणं मुश्कील झालं. वळणावर तिनं मागं बघितलं, आणि त्या चेहऱ्यासाठी मी नांदेडपासून चालत आलो असतो.

लॅबपुढं उपाशी मंडळी पायरीवर बसली होती. सुनंदा उतरली, हँडल धरून नुसतीच उभी राहिली. दम लागला होता, कपाळावर घाम होता.

"डब्यात काय हाय बाई?" एका भुकेल्या आजोबांनी विचारलं.

तिनं झाकण काढलं. आत सुशीला (मुरमुरे भिजवून केलेला फोडणीचा उपमा) होती, वर शेंगदाणे आणि लिंबाची फोड.

"तुमचं रक्त घेतलं की तुम्हालाच देते," ती म्हणाली. आजोबा सर्वांच्या आधी आत घुसले.

परत येताना अप्पा वाटच बघत होते. "पोचलं का वेळेवर, ताई?"

"पोचलं अप्पा."

"पेशंट कसाय?"

सुनंदानं घंटी वाजवली. "लई खूश आहे," ती म्हणाली.

दुपारी मला स्टँडवर पोचवायला दोघंही आले. गाडी लागलेली होती, मला खिडकी मिळाली. गाडी सुटेपर्यंत विचार करत बसलो. लोक मला विचारतात, सायकलीवर कामाला जाणारे जास्त कुठं, नांदेडला की लातूरला? मला आता वाटतं, दोन्हीकडं भरपूर आहेत, आपण त्यांना बघत नाही एवढंच. आपल्याला फक्त ओझं दिसतं, त्याखालचं माणूस दिसत नाही. आणि ओझं नसलेलं माणूस दिसलं, की आपल्याला त्याची इतकी काळजी वाटते की आपण त्याला जाऊच देत नाही. या मायेला काय करावं? तिला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. पण अधूनमधून तिनं जरा बाजूला सरकावं.

खाली सुनंदा मला संत्री देत होती. उद्या डबा न बांधता जाऊन बघणार असं म्हणत होती, अप्पांना कसं पटवायचं याचे बेत सांगत होती. मिलिंदराव तिच्या मागं खिशात हात घालून उभे होते. चेहरा लांब.

"काय मिलिंदराव," मी खिडकीतून म्हणालो, "हरलात म्हणून एवढं वाईट? ती सायकल मुखेडला जाऊन तुमचा फायदा तरी काय होता?"

कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली. मिलिंदराव दोन पावलं गाडीबरोबर चालले आणि मग अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"फायदा कसला, दादा! दिवसभरात त्या लॅबच्या रस्त्यावरच तेवढं ही माझ्याशी बोलते हो!"