समोरच्याने ठेवल्यावर

कारखान्यात तिला सगळे 'मोशीबाई' म्हणत. खरं तर ऑफिसच्या फोनवर ती 'मोशी मोशी', म्हणजे जपानी 'हॅलो', कधीच म्हणत नसे. ते घरच्या फोनवर, ओळखीपाळखीत. कामाच्या फोनवर आधी कंपनीचं नाव, मग आपलं, मग 'आपला लोभ आहेच' अशा अर्थाचं लांबलचक वाक्य. फोरमनला तिने हे दहादा समजावलं होतं.

"बरं, मोशीबाई," तो म्हणायचा.

अठरा वर्षं ती जपानी गिऱ्हाइकांचे फोन सांभाळत होती. अठरा वर्षं फोनला हात लावताना तिला पुढचं वाक्य विसरायची भीती वाटायची. म्हणून सगळी वाक्यं तिने वहीत क्रमाने उतरवली होती. प्रत्येक वाक्याला ती खुर्चीतच वाकायची. पलीकडे दिसत नाही, पण न वाकता आवाज नम्र होत नाही, असं तिच्या शिक्षिकेने शिकवलं होतं. साहेबांना याची भारी गंमत. "सुरुवातीला दोन, शेवटी तीन. मोजून घ्या," असं ते पाहुण्यांना सांगत.

त्या सकाळी फोरमनने कारखान्यातच बनलेला, व्हीलचेअरच्या चाकाचा बोल्ट पान्याने आवळला. तो खडूसारखा तुटला. दुसराही. तिसराही.

"माल तर परवाच पोचला जपानला," तो हळू म्हणाला.

साहेब तिच्या टेबलासमोर येऊन बसले. "पाच-दहा निघतातच असे. फोन लाव. सांग, तपासणी झाली, सगळं ठीक."

"पण साहेब..."

"बोल्टातलं तुला काय कळतं? तू आपली वाक. नोकरी नकोय का?"

तिने फोन लावला. पलीकडे नेहमीचे म्हातारे व्यवस्थापक होते. ती दोनदा वाकली आणि सांगितलं तसं बोलली. त्यांनी आभार मानले. दुपारपासून खुर्च्यांना चाकं बसवतो, म्हणाले. निरोपाचं वाक्य झालं. तीनदा वाकणं झालं.

ज्याने फोन केला त्याने आधी ठेवायचा, हा नियम. गिऱ्हाइकाच्या आधी ठेवायचा नाही, हाही नियम. त्यामुळे दर वेळी दोघंही थांबत. आजही थांबली. त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता. कुणीतरी त्या खुर्चीत बसून उतारावरून येणार होतं. वहीत पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.

"मोशी मोशी?" ती म्हणाली. कामाच्या फोनवर, आयुष्यात पहिल्यांदा. आहात ना अजून?

"हाय," म्हातारे म्हणाले. म्हणजे हो.

मग तिने सांगून टाकलं. बोल्ट तुटतात. चाकं बसवू नका. बोलताना कपाळ टेबलाला टेकलं.

"शोऽशोऽ ओमाची कुदासाई." जरा थांबा. मग कानात बारीकसं संगीत सुरू झालं.

"चौथ्यांदा कशाला वाकलीस?" साहेबांनी विचारलं.

तिने रिसीव्हर कानावरून हलवला नाही.

"काय बोललीस त्यांना? ठेव तो फोन."

"त्यांनी ठेवल्याशिवाय ठेवता येत नाही, साहेब."

अशी बातमी सांगण्याआधी म्हणायची जपानीत चार वाक्यं होती, एकाहून एक मऊ. आपल्या भाषेतलं एकही तिला आठवेना. रिसीव्हर तिने दोन्ही हातांनी धरला.

"साहेब, बोल्ट तुटतात, हे मी त्यांना सांगितलं."

संगीत चालूच होतं.