न घातलेला सोडा

कॉकटेलचा नाद लागला तेव्हा मी सिरपच्या बाटल्या शेगडीवरच्या फळीवर रंगवार मांडल्या होत्या. बायको म्हणायची, "अहो, उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवा." मी म्हणायचो, साखर कधी नासते का? चाकणच्या कंपनीत मी दुसऱ्यांचा माल तपासून परत पाठवतो, त्यामुळे घरात माझं ऐकावं असा माझा समज होता.

पुनावळ्याचे माझे सासरे माळकरी. एकदा ते न कळवता आले आणि टेबलावरची बाटली नि ग्लास पाहून दारातूनच फिरले. तेव्हापासून यायचे, मेथीची जुडी लेकीच्या हातात द्यायचे आणि उंबऱ्याबाहेरूनच परत. आमच्या घरचं पाणीही नाही. बायको ती जुडी घेऊन आत जायची. नुसती मेथी निवडत बसायची. शेवटी मी दारू सोडली. सिरपं तेवढी उरली.

हे कळल्यावर एका रविवारी ते आत येऊन चक्क सोफ्यावर बसले. मी उत्साहाच्या भरात घरी केलेलं अननसाचं सिरप काढलं. पाक एकतारी करायचा कंटाळा, म्हणून साखर नि पाणी सारखंच घेतलेलं. वर कधीतरी ओला चमचाही बुडवलेला. झाकण फिरवताच फस्स झालं. मला वाटलं, वा.

सासऱ्यांनी अर्धा ग्लास संपवला. "ग्वाड हाय, पाव्हणं. पर जिभंला चावतंय."

"सोडा आहे ना, मामा."

बायको हळूच म्हणाली, "सोडा कुठे घातलाय तुम्ही? माठातलं पाणी घातलंत."

मी बाटली उजेडात धरली. रंग गढूळ, गळ्याशी पांढरी साय, तळातून बुडबुडे. हुंगली, तर शिळ्या पावासारखा आंबूस वास. घरातली दारू मी सोडली होती, पण फळीवर ती आपली आपण तयार होत होती, आणि पहिला ग्लास मी माळकऱ्याला पाजला होता.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. पण मग ते पुन्हा आले की मी त्यांच्यासमोर बसणार कसा?

"मामा, ठेवा तो ग्लास. सिरप आंबलंय. त्यात थोडी... झाली असेल."

"म्हंजी? पाजली व्हय मला?"

"मुद्दाम नाही हो. आळसाने."

त्यांचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला. मग ते म्हणाले, "पाप धुवाया आळंदीला जाऊन नदीत बुडी मारावी, तर तितं पाण्यावरबी फेसच." आणि मिशीतल्या मिशीत हसले. "लपवलं असतं तर उठून गेलो असतो, पाव्हणं. आता तोंड लई आंबट झालंय." मग लेकीकडे वळून, "च्या टाक गं जरा."

बायको लगबगीने आत गेली. खलबत्त्यात आलं बराच वेळ कुटलं जात होतं, तिघांच्या चहाला लागतं त्याहून कितीतरी जास्त. मग तिने आतून विचारलं, "आबा, साखर किती घालू?"

तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण इतक्या वर्षांत तिला ते विचारायला मिळालं नव्हतं.