थंड खोलीच्या दारातली चप्पल

आमच्या घरात भुताखेताला जागाच नव्हती. छप्पन सालानंतर आजोबांनी देव्हाऱ्यातले देव फडक्यात बांधून नदीत सोडले, आणि त्यांच्याबरोबर अंगारे-धुपारे, अंगात येणं, सगळंच वाहून गेलं. अमक्या चिंचेवर काहीतरी आहे असं कुणी म्हटलं, की आम्ही पोरं मुद्दाम तिथल्याच चिंचा पाडायला जायचो. त्यामुळं खाली जे लिहितेय ते माझं मलाच पटत नाही... पण घडलंय. आणि आजही आठवलं की भीती कमी, संताप जास्त येतो.

ऐंशीच्या दशकाची अखेर असेल. आता धाराशिव म्हणतात, तेव्हा आमचा जिल्हा उस्मानाबाद. कळंबच्या अलीकडं, डांबरी रस्त्याला लागून एका सहकारी दूध संघाचं ऑफिस होतं. पुढं मोठा हॉल, मागं दूध गार करायचं युनिट, आणि मागच्या कंपाउंडला चिकटून आमचा बौद्धवाडा. मी संघात टायपिस्ट होते. माझ्या टेबलापासच्या खिडकीतून आमच्या घराचं दार दिसायचं.

त्या वर्षी पावसानं तोंडच दाखवलं नव्हतं. वाड्यातला आड आटलेला, पाणी टँकरनं यायचं. आणि नेमकी त्याच वर्षी संघाला कॉम्प्युटर घ्यायची हुक्की आली — शेजारच्या तालुक्यातल्या कारखान्यानं घेतला होता ना!

दोन कंपन्यांची माणसं मशीन दाखवायला आली. पहिल्याचा स्क्रीन वेगळा, त्याच्याखाली भलंमोठं खोकं वेगळं, वायरींचा नुसता गुंता. वर अट काय, तर एसीची बंद खोली पाहिजे. दुसरा सोलापूरहून आलेला इंजिनिअर होता. त्याच्याकडं एकच डबा! स्क्रीन, मशीन, फ्लॉपी घालायची फट, सगळं एकाच अंगात. पुढं कीबोर्ड, मागं एक वायर. टेबलावर ठेवला, प्लग लावला, झाला चालू.

मी पहिलं हेच विचारलं, "याला गार खोली लागते का?"

"नाही ताई, पंखा पुरे."

तिथंच माझं ठरलं. कारण आमच्या भागात एसी कुठला, कूलरच येणार. कूलर म्हणजे पाणी, आणि ते पाणी कुणाच्या वाटणीचं असणार हे मला सांगायची गरज नव्हती.

मीटिंगमधे बाई माणसानं, त्यात आमच्या वाड्यातल्या, तोंड उघडायचं नसायचं. मी उघडलं. म्हटलं, एक टेबल, एक वायर, बिघडायला जागाच कमी. धुळीत, पंख्याखाली चालतो.

चेअरमनसाहेब डब्याकडं बघत म्हणाले, "बाई, ह्यो तर टीव्हीवानी दिसतोय. लोकांना कॉम्प्युटर वाटंल का?"

"साहेब, फॅटच्या हिशेबात चूक निघाली नाही की वाटेल."

बाकीचे हसले, आणि एका डब्याचा कॉम्प्युटर मंजूर झाला. त्या संध्याकाळी मी घरी जाऊन मायला म्हटलं, आपलं पाणी वाचवलं बघ. केवढी खुळी मी!

कारण मशीनच्या पाठोपाठ सुतार आले. हॉलच्या कोपऱ्यात काचेची खोली उभी राहिली. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, दोन दांडगे कूलर, दारावर पाटी — 'चपला बाहेर काढाव्यात'. देऊळच म्हणा! मशीन बसवायला आलेला तो इंजिनिअर कपाळाला हात लावून म्हणाला, "साहेब, कूलरची दमट हवा याला उलट वाईट. पंखा लावा." त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मला मात्र चेअरमनसाहेबांनी समजावून सांगितलं, "बाई, कॉम्प्युटर म्हणलं की थंड खोली आलीच. कारखान्यात हाय आन् आपल्यात न्हाय, मग काय शोभा राहती?"

शोभा! वाड्याचा टँकर आता आधी संघाच्या हौदापाशी थांबायला लागला. कूलर, ताट्या, साहेबांच्या केबिनचे माठ, असं सगळं भागलं की उरलेलं आमच्याकडं. मी एकदा बोलले तर म्हणाले, "अवो, दोन बादल्यानं काय फरक पडतो?" कंपाउंडच्या भिंतीला बायांची रांग लागलेली असायची, रिकाम्या घागरी घेऊन. भिंतीपलीकडून त्यांना ताट्यांवरून ठिबकणारं पाणी ऐकू यायचं. मी आत गारव्यात बसून टाइप करायचे आणि माझ्या जिवाचा नुसता तळतळाट व्हायचा.

एक दिवस मायचा नंबर आला आणि टँकर संपला. ती भांडली नाही. तशीच घागर घेऊन मांजरेच्या कोरड्या पात्रात गेली, झिऱ्याचं पाणी आणायला. वाळूत माणूसभर खड्डा खणून तळाशी साचेल ते वाटीनं भरायचं, त्याला आम्ही झिरा म्हणतो. खड्ड्याची कड ढासळली. माय आत पडली, मांडीचं हाड मोडलं. लोकांनी बाजेवर घालून आणली. एक चप्पल पायात होती, दुसरी वाळूखाली गेली ती गेलीच. त्या हरवलेल्या चपलेचा तुटलेला अंगठा मीच लाल वायरनं शिवून दिला होता. वायर कुठली? त्या थंड खोलीच्या फिटिंगमधे उरलेली.

माय प्लास्टरमधे, आणि मला संघातून निरोप — जिल्ह्याहून पाहुणे कॉम्प्युटर बघायला येतायत, तुमच्याशिवाय तो चालवणार कोण? मी गेले. शेजारच्या मावशीला मायजवळ बसवून, दातओठ खात गेले.

भर दुपार होती. पाहुणे यायचे होते. मी मशीनपुढं बसलेले, चेअरमनसाहेब माझ्या खुर्चीमागं उभे. खोलीत आम्ही दोघंच. तेवढ्यात लाईट गेली. कूलरची घरघर थांबली, स्क्रीनवरची हिरवी अक्षरं विझली आणि राहिली ती नुसती काळी काच.

त्या काचेत आमच्या मागं बाया उभ्या होत्या.

खोलीच्या आत. दारापासून पार आमच्या पाठीपर्यंत रांग, कमरेवर घागरी. वाटलं, बाहेरच्या रांगेचं प्रतिबिंब असेल. पण खिडक्यांना ताट्या होत्या, आणि त्या दिवशी टँकर आलाच नव्हता, तर रांग कुठली? सगळ्यात पुढं माझी माय होती. दोन्ही पायांवर नीट उभी. ती माझ्याकडं बघत नव्हती, साहेबांकडं बघत होती.

मी गर्रकन मागं वळले. खोली रिकामी. साहेब मात्र अजून काचेकडंच बघत होते.

"बाई..." त्यांनी काचेकडं बोट केलं. "तुमच्या मायला आत कुणी घेतलं?"

"माझी माय बाजेवर पडून आहे, साहेब."

त्या गार खोलीत त्यांना दरदरून घाम फुटला. ते धडपडत दाराकडं गेले, मी त्यांच्या मागं. दाराबाहेर त्यांचे बूट होते, माझ्या चपला होत्या, आणि त्यांच्या शेजारी आणखी एक चप्पल होती. एकच. अंगठ्याला लाल वायर. नदीची जाड वाळू लागलेली, ओली.

ती उचलून मी घराकडं पळत सुटले. माय होती तशीच पडलेली. मावशी म्हणाली, "अगं, मी हितनं हाललेच न्हाय."

मायनं चप्पल हातात घेऊन उलटीसुलटी केली. "ही कुठं घावली गं?"

"संघात. माय, तू आली होतीस?"

"म्या कशाला येऊ तिथं? माझा पाय बग की." मग म्हणाली, "आन् पानी? देत्यात का आता?"

दिलं. साहेब तापानं फणफणले, पण उठायच्या आधी त्यांच्याच हुकमानं कूलर निघाले, काचा निघाल्या. लोकांना सांगितलं, "इंजिनिअर म्हणला, दमट हवा बरी न्हाय." तो इंजिनिअर हेच पहिल्या दिवशी बोंबलून सांगत होता! टँकर सरळ वाड्यात यायला लागला. तो एका डब्याचा कॉम्प्युटर पुढं कितीतरी वर्षं हॉलमधे पंख्याखाली, धुळीत, बिनतक्रार चालला. माय मात्र शेवटपर्यंत लंगडतच चालली.

कुणी म्हणतं, चप्पल कुत्र्यानं आणली असेल. असेल. कुणी म्हणतं, काचेत दिसलं तो तुझा भास. बरं, तोही असेल. पण दोघांना एकच भास? मला उत्तर माहीत नाही, आणि साहेबांनी मरेपर्यंत तो विषय काढू दिला नाही.

तुम्हाला काही सुचलं तर जरूर लिहा. पण त्याआधी मला दुसरं एक सांगा. त्याच बाया, त्याच घागरी घेऊन, महिनोन्महिने संघाच्या भिंतीला उन्हात उभ्या होत्या. साहेबांची जीप रोज त्यांच्या समोरून यायची. तेव्हा त्यांना त्यातली एकही बाई कशी दिसली नाही?