निपाणीचा अकरावा गडी

पुण्याहून निघालो तेव्हा माझ्या पिशवीत दोन धोतरं, एक शिट्टी आणि भरपूर अक्कल होती. धोतरं आणि शिट्टी माझ्या वापराची. अक्कल बेळगावकरांना वाटायला घेतली होती.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, ज्यांना सगळं बेळगाव आप्पा म्हणतं, ते तिथं पितळी भांड्यांचं दुकान चालवतात. पण त्यांचा सगळा जीव अडकलेला असतो तो त्यांच्या अरुणोदय फुटबॉल क्लबात. आप्पा तरुणपणचे पैलवान. फुटबॉल त्यांनी कॅम्पातल्या गोऱ्या शिपायांना बघून बघून उचलला, आणि क्लब चालवला तो मात्र तालमीच्या शिस्तीनं. मी पुण्यात शाळामास्तर. कॉलेजात तीन वर्षं फुटबॉल खेळलो, तेवढ्या भांडवलावर आप्पा मला या खेळातला मोठा जाणकार समजतात, आणि खरं सांगायचं तर मीही समजतो. त्यांचं कार्ड आलं : ‘मास्तर, नऊ गडी आहेत. दोन पाहिजेत. मंगळवारी पलटणीशी सामना. निघून या.’

गाडी सकाळी बेळगावात शिरली तेव्हा धुकं अजून उठलं नव्हतं. फाल्गुन लागला तरी इथं पहाटे अंगावर काटा येतो. पुण्याचा माणूस म्हणून मी थंडीला भीत नाही असं सगळ्यांना सांगतो, पण टांग्यात बसल्यावर आप्पांनी आपली शाल माझ्या अंगावर टाकली आणि मी ती मुकाट्यानं घेतली. कॅम्पाकडून बिगुलाचा आवाज येत होता. आप्पा एरवी अखंड बोलणारा माणूस. आज गप्प होते.

घरी आक्कानं थालीपीठ आणि लोण्याचा गोळा पुढं ठेवला आणि तिनंच सगळं सांगितलं. गेली दोन वर्षं अरुणोदयचे गडी सामना अर्ध्यावर टाकून निघून गेले होते. कुणी रुसून, कुणी शिव्या खाऊन. गेल्या वर्षी शेवटच्या शिट्टीला मैदानात आठच उरले. यंदा सामने भरवणाऱ्या कमिटीनं लिहून कळवलं होतं की अकरा गडी शेवटपर्यंत उभे राहिले नाहीत तर क्लबाचं नाव कापायचं आणि सरावाचं मैदान दुसऱ्यांना द्यायचं.

“सतरा वर्सं त्या मैदानावरचे दगड येचलेत मी,” आप्पा म्हणाले. एवढंच म्हणाले आणि दुकान उघडायला गेले.

संध्याकाळी आम्ही चालत कंग्राळीला गेलो. वाटेत आप्पांची गडी निवडण्याची रीत बघायला मिळाली. दोन पोरं बैलं घेऊन येत होती. आप्पांनी त्यांना थांबवलं, खाली बसून एकाची पोटरी हातानं दाबून बघितली आणि म्हणाले, “फुटबॉल खेळशील?” पोरगं घाबरून बैलाच्या पलीकडं गेलं. मला हसू आवरेना. पण क्लबाचे निम्मे गडी असेच आले होते, आणि असेच गेले होते.

कंग्राळीत परशराम नावाचा उंच शेतकरी भाजीच्या वाफ्यांना पाणी पाजत होता. पूर्वी तो अरुणोदयचा गोलकीपर. आप्पांना बघून त्यानं मोट थांबवली, बांधावर घोंगडं अंथरलं, गूळ-पाणी दिलं, पण यायचं नाव काढीना.

“मला पळाय येतं, आप्पा,” शेवटी तो म्हणाला. “गावच्या शर्यतीत पैला यायचो. तुमी उंची बघितली आन् दोन वर्सं मला खांबासारखा गोलात हुबा केला.”

“मग सांगायचं न्हाईस व्हय रं?”

“तुमी इचारलं कवा?”

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, बाहेरच्या बाजूला फॉरवर्ड खेळवा याला. परशराम तयार झाला. परतताना मी आप्पांना गडी कसा पारखावा यावर चांगलं अर्धा कोस व्याख्यान दिलं. त्यांनी ते ऐकून घेतलं.

दुसरा गडी निपाणीला होता आणि त्याच्याकडं जायला माझे पाय मागं ओढत होते. बाळगोंडा त्याचं नाव. निपाणीच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा, डाव्या पायाचा असा खेळाडू की पहिल्या अर्ध्या भागात पलटणीचे गोरेसुद्धा त्याच्याकडं बघत राहायचे. हाफटाईमनंतर मात्र त्याचे पाय जड व्हायचे. गेल्या वर्षी मी तो सामना बघायला आलो होतो. हाफटाईमला आप्पांनी मत विचारलं आणि मी ते दिलं, “हा गडी कामचुकार आहे, आप्पा. अंग चोरतो. याला चारचौघांत झापा.” आप्पांनी झापलं. बाळगोंडा मान खाली घालून मैदानाबाहेर गेला. चार दिवसांनी त्याची जर्सी धुऊन, घडी करून, सर्व्हिस मोटारीतून परत आली.

शनिवारी आम्ही त्याच मोटारीनं निघालो. संकेश्वरच्या अलीकडं चाक बसलं आणि दोन तास रस्त्याकडंला बाभळीखाली काढावे लागले. शेजारच्या खळ्यावर लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. वाऱ्याबरोबर त्यांचा खकाणा यायचा आणि सगळी मोटार खोकायची. आप्पांचा शनिवार होता. ते मारुतीचे भक्त. दिवसभर पाण्याशिवाय काही घेत नाहीत आणि दिवेलागणीनंतरच उपास सोडतात. मी त्यांच्यासमोर बसून भडंग (तिखट कुरमुरे) खाल्लं आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही.

निपाणी डोळ्यांआधी नाकाला कळते. तंबाखूचा उग्र वास गावाच्या बाहेरच गाठतो. मी सात शिंका मोजल्या आणि मग मोजणं सोडलं. वखारींच्या दारात बायका फडकी बांधून पाला निवडत होत्या. मराठी आणि कानडी अशी मिसळून चालली होती की कुठली कुठं संपते ते कळत नव्हतं.

बाळगोंडाचं घर गावाच्या कडेला होतं. अंगणभर तंबाखू पसरलेली. तो घरात नव्हता. त्याची आई, जिला सगळे अव्वा (आई) म्हणत, ती दारात आली. आम्ही कोण हे विचारण्याआधीच तिनं विचारलं, “ऊटा आतेन्री? (जेवण झालं का?)”

आप्पांनी नाव सांगितलं. तिचा चेहरा क्षणभर थांबला, पण पाण्याचा तांब्या पुढं आलाच.

“कवा जेवता तुमी?” तिनं विचारलं. “आमच्यात दिस मावळायच्या आत चूल इझती. मग पानीबी न्हाय.”

आप्पा संकोचले. “माझा शनवार हाय, अव्वा. दिवा लागल्याबिगर मी खात न्हाय. माझी काळजी करू नगा.”

“आसं कसं? पावनं उपाशी निजवायचं व्हय?” अव्वानं थोडा विचार केला आणि कुंपणाशी जाऊन हाक मारली, “गंगाक्का, आमचा एक पावना आज दिवा लागल्यावर तुमच्यात जेवंल गं. पीठ आन् डाळ मी आत्ता देऊन धाडतो.” पलीकडून गंगाक्का नावाच्या मराठा शेजारणीनं बरं म्हटलं आणि अव्वाच्या परीनं ती गोष्ट मिटली.

बाळगोंडा शेतातून आला. आम्हाला बघून तो हात जोडून “आलासा?” म्हणाला आणि पाय धुवायला गेला. ऊन तिरपं झालं होतं. अंगणातच पानं वाढली : ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, शेंगदाण्याची चटणी, वर दही. मी आणि बाळगोंडा जेवायला बसलो, आप्पा शेजारी नुसते बसले. मी त्या चटणीवर तुटून पडलो. बाळगोंडा घाई न करता पण नेमानं जेवला, शेवटचं पाणी प्याला, आणि हात धुऊन त्यानं पश्चिमेकडं बघितलं. सूर्य अजून बोटभर वर होता.

आप्पा त्याच्याकडं टक लावून बघत होते. मग हळूच म्हणाले, “बाळू, तू हे आमच्याकडं येत होतास तवाबी पाळायचास?”

बाळगोंडानं आईकडं बघितलं. अव्वा बोलली. “त्याचा बाप गेला तवा मुनी म्हाराजांच्या पायाशी नेम घेतला त्यानं. तवापासनं मोडला न्हाय.”

मला हिशेब लागायला वेळ लागला नाही. आप्पांच्या क्लबात सामन्याच्या दिवशी सकाळच्या दुधानंतर कुणी काही खायचं नाही, कारण पैलवान हलक्या पोटानं आखाड्यात उतरतो. बाकीचे निदान आदल्या रात्री उशिरा जेवलेले असायचे; बाळगोंडाच्या पोटात आदल्या संध्याकाळपासून तेवढं दूधच. सामना उन्हं कलल्यावर सुरू व्हायचा आणि संपून सगळे घरी पोचेपर्यंत अंधारायचं. मग आप्पांच्या घरी कंदील लावून पंगत. बाकीच्यांना मटणाचा रस्सा, आणि बाळगोंडासाठी आक्का वेगळ्या चुलीवर, कांदा-लसूण न घालता, सोवळ्यानं सगळं करायची. तो ताटाला हात लावायचा आणि पोट बरं नाही म्हणायचा. आक्काला वाटायचं, आपल्या हाताला चव नाही. तिनं दोनदा डोळ्यांत पाणी आणलेलं मला माहीत आहे.

“सामन्याच्या दिवशी रात्री झोपायचा न्हाय बगा,” अव्वा सांगत होती. “दुसऱ्या दिवशी घरला आला की वाटीभर दही एका घोटात.”

“मला का सांगितलं न्हाईस रं?” आप्पांनी विचारलं. “मला वाटायचं, हे नेम म्हाताऱ्यांचे. बेळगावातली तुमची पोरं तर रात्री भजी खात हिंडत्यात.”

“आक्का दोन-दोन चुली पेटवून करायच्या,” बाळगोंडा म्हणाला. “त्यास्नी कसं सांगायचं? वाईट दिसतंय.”

मी ताटाकडं बघत बसलो. चटणी उरली होती, पण हात पुढं जाईना. दिवा लागल्यावर आप्पा गंगाक्काकडं जेवायला गेले आणि लवकर परत आले.

“पोटभर वाढलं बिचारीनं,” ते म्हणाले. “मला जाईना.”

मग ते अव्वासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “मंगळवारी एक दिवस पोरगं द्या. दिसा जेवू घालीन.” अव्वानं अंगणातल्या तंबाखूकडं बघितलं, मुलाकडं बघितलं आणि म्हणाली, “जाऊ दे की.”

मंगळवारी आक्कानं दुपारी बारालाच पंगत मांडली. एवढी वर्षं उपाशी खेळलेले गडी असे जेवले की विचारू नका. परिणाम व्हायचा तो झाला. पहिल्या अर्ध्या भागात आमचे दोन्ही बॅक ढेकर देत होते आणि पलटणीनं दोन गोल चढवले. जेवणाची वेळ कळली होती, बेत किती करावा ते कळायचं होतं. आप्पा रेषेवर उभे होते. शिवी ओठापर्यंत यायची आणि ते ती गिळायचे. हाफटाईमला त्यांनी प्रत्येकाजवळ जाऊन काहीतरी विचारलं. काय ते मला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या अर्ध्या भागात बाळगोंडा पळाला. पहिल्यापेक्षा जास्त पळाला. डाव्या बाजूनं तीन गोऱ्यांना मागं टाकून त्यानं चेंडू आडवा दिला आणि परशरामानं धावत येऊन तो आत घातला. एवढाच एक गोल. सामना आम्ही हरलो. पण शेवटची शिट्टी झाली तेव्हा कमिटीचा कारकून बोट नाचवत मैदानावरची डोकी मोजत होता, आणि ती अकरा भरली. आप्पांनी फेटा काढून त्यानं तोंड पुसलं. मैदान राहिलं.

तेवढ्यात आक्का टांग्यातून उतरली. हातात झाकलेली परात. “बाळू, अजून हातभर सूर्य आहे. बस आधी,” ती म्हणाली. तो गवतावर बसला. त्याच्या शेजारी परशराम बसला, मग एकेक करून सगळेच बसले. आक्का वाढत होती आणि मधूनमधून मागं वळून आभाळाकडं बघत होती. त्या दिवशी कंदील लागला नाही.

दुसऱ्या दिवशी बाळगोंडा निपाणीची मोटार धरण्याआधी मला स्टेशनवर पोचवायला आला. चार दिवस मी एक गोष्ट तोंडात धरून हिंडत होतो. गाडी सुटायला पाच मिनिटं उरली तेव्हा म्हटलं, “बाळगोंडा, गेल्या वर्षी आप्पांनी तुला झापलं, ते माझ्या सांगण्यावरून. कामचुकार हा शब्द माझा.”

“ठावं हाय, मास्तर,” तो म्हणाला. “तुमच्या मागंच बुटाची नाडी बांधत बसलोतो.”

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

“गडी दमलाय हे तुमी बरोबर वळीखलं हुतं,” तो म्हणाला, आणि माझ्या हातात एक गाठोडं दिलं. “अव्वाची चटणी हाय. आक्कांनी भाकरी दिल्यात. तुमी कवा जेवता?”

“मी केव्हाही जेवतो,” मी म्हटलं.

गाडी सुटली. मिरज मागं पडलं तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. पिशवीत दोन धोतरं होती, शिट्टी होती. अक्कल वाटायला नेलेली, ती निपाणीनंतर कुणाला द्यायची हिंमत झाली नव्हती. मला भूक नव्हती. तरी खिडकीतून सूर्य दिसत होता तोवर मी गाठोडं सोडलं आणि जेवून घेतलं.