लाईट गेली काय?

भिवंडीतल्या आमच्या कामतघर भागात आवाजाने कुणाची झोप मोडत नाही, आवाज थांबला की मोडते. चाळीच्या दोन्ही अंगांना लूम, कापड विणणारे यंत्रमाग. ते खडखडत असले की जग सुरळीत चाललंय. थांबले की लाईट गेली, म्हणजे मजुरी बुडाली. मग माणूस हातातलं टाकून दारात येतो. हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरीही मी जे केलं ते केलंच.

तेव्हा मी बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. (हजेरीपटावर. मनाने सिनेमात.) आमचे आबा लूमवर जॉबर, म्हणजे लूम बिघडला की तो चालू करून देणारे. त्यांनी मला निर्वाणीचं सांगून टाकलं होतं, "सोमवारपरेंत शिनेमावाल्यांनी घेतला तर जा. न्हायतर माझ्यासंगं कांडी भराय चल." कांडी भरणं म्हणजे दिवसभर सूत गुंडाळत बसणं. मला पायजम्याच्या नाडीची गाठसुद्धा धड मारता येत नव्हती.

आणि नशीब बघा, त्याच आठवड्यात आमच्याच गल्लीत शूटिंग आलं. मी दिग्दर्शकाच्या मुख्य सहाय्यकाला, भोसलेंना, गाठलं. सगळी कॉलेजची पोरं त्यांना नाचून दाखवत होती, एकाने तर रडूनही दाखवलं. पण भोसले वेगळ्याच चिंतेत होते. दिग्दर्शक मोठे हट्टी, डबिंग नको म्हणायचे, जागेवरचाच आवाज हवा. आणि सीन काय, तर मुलगा मरणाऱ्या आईच्या कानात कुजबुजतो! आमच्या गल्लीत कानात बोललेलं त्या कानालाही ऐकू जात नाही.

"तुला काय येतं?" भोसलेंनी वैतागून विचारलं.

"लूम बंद करता येतात."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "करून दाखव. पाचवा असिस्टंट म्हणून घेतो."

(पहिले चार काय करतात, ते मला आजही सांगता येणार नाही.)

मी धावलो ते रफिकशेठकडे. गल्लीतले निम्मे लूम त्यांचे, आणि उरलेले मालक त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. वाटलं, हाकलून देणार. पण शेठ कुठेतरी हरवल्यासारखे झाले. "मी पण पळालेलो ना रे पिक्चरसाठी. कल्याणपर्यंत. अब्बांनी कान धरून परत आणला." आणि ते कबूल झाले. मी लाल रुमाल हलवायचा, की सगळे लूम बंद.

मी रुमाल हलवला. लूम थांबले. नायक आईच्या कानाशी वाकला, आणि गल्लीतली झाडून सगळी दारं उघडली. सगळ्यांत पुढे माझी आई, हातात पिठाचा गोळा. "लाईट गेली काय गो?" तिने समोरच्या घरी विचारलं, ते थेट मरणाऱ्या बाईच्या अंगावरून. ती मरणारी बाईही उठून बसली.

मग मी घरोघर फिरून बजावलं की लाईट जाणार नाही, कुणी बाहेर यायचं नाही. पुन्हा रुमाल हलला. रात्रपाळी करून झोपलेले आबा लुंगी सावरत बाहेर आले आणि कॅमेऱ्याच्याच वायरी तपासू लागले. त्यांना हाताला धरून घरात नेलं आणि आईला दाराशी बसवलं.

तिसऱ्या वेळी गल्ली चिडीचूप. नायकाने ओठ उघडले. तेवढ्यात एक महामूर्ख बोंबलत कॅमेऱ्यासमोरून पळाला, "लाईट गेली!"

तो मी होतो. हातात लाल रुमाल होता, लूम मीच थांबवले होते, पण पायांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

भोसलेंनी मला कॉलर धरून गल्लीच्या तोंडाशी नेऊन सोडलं. मी ओट्यावर बसलो. उद्या सोमवार. डोळ्यांपुढे कांड्याच कांड्या दिसू लागल्या. खरं सांगतो, रडू आलं.

ऊन उतरायला लागलं तशी तिकडे दुसरीच धावपळ सुरू झाली. संपाच्या सीनला गर्दी हवी होती, आणि गर्दीची बस कशेळीच्या पुलावर ट्रकांमध्ये अडकलेली. दिग्दर्शक डोकं धरून बसलेले मला दिसले. मी लाज सोडून पुढे गेलो.

"साहेब, गर्दी मी देतो. फक्त कॅमेरा अगोदर चालू करा."

"पण तू तर सगळ्यांना बाहेर येऊ नका म्हणून सांगितलंस," भोसले म्हणाले.

"म्हणून तर! तो सीन आटोपला असं त्यांना वाटतंय. आता लूम थांबले की खरीच लाईट गेली समजून घाबरून येतील."

मी रुमाल हलवला. लूम थांबले आणि अख्खी गल्ली रस्त्यावर सांडली. पीठ, लुंग्या, साबण लावलेली तोंडं, आणि चेहऱ्यांवर मजुरी बुडाल्याची अस्सल भीती! एकाच टेकमध्ये ओके. दिग्दर्शकांनी माझी पाठ थोपटली. "उद्यापासून ये." मी तडक आबांसमोर जाऊन उभा राहिलो. ते एवढंच म्हणाले, "मग कांडीला दुसरा पोरगा बघाय लागंल." पण रात्री त्यांनी आपल्या ताटातला बोंबील माझ्या ताटात टाकला.

सिनेमा भिवंडीत लागला तेव्हा सगळी गल्ली गेली होती. श्रेयनामावलीत माझं नाव आलं, बारीक अक्षरात, पण आलं! शिट्ट्या झाल्या, आईने डोळे पुसले. पुढे संपाचा सीन आला. दिग्दर्शकांनी तिथे कमाल केली होती, लूम थांबतात तिथे सगळा आवाजच काढून टाकला होता.

थिएटरमध्ये शांतता पसरली आणि अख्खं प्रेक्षागृह ताडकन उठून दाराकडे धावलं. समोर पडद्यावर चित्र ढळढळीत दिसत असताना!

दारापर्यंत सगळ्यांत आधी पोचला तो पाचवा असिस्टंट.